हळद, कोरफड आणि आपलं अंग

(उमरखेड येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळी सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याची चर्चा झाली, त्यानंतर पोटगीच्या दाव्यांची. आणि जेवणानंतर हा विषय : परसबागेतल्या वनस्पती आणि त्वचेची निगा. विषय वाचून दाखवला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. त्यांना वाटलं असणार, आता ही बाई आपल्याला गोरं व्हायला शिकवणार. तर ते आधीच सांगून टाकते. गोरं होण्याचं एकही औषध माझ्याजवळ नाही, आणि असतं तरी दिलं नसतं.

मला बोलायचं आहे ते कामाच्या अंगाबद्दल. नाव नोंदवायला तुम्ही टेबलाशी येत होता तेव्हा मी तुमचे हात पाहत होते. शेतात राबणाऱ्या बाईच्या हातावर वर्षभराचं कॅलेंडर असतं. आता श्रावण आहे, म्हणजे निंदण. बोटांच्या पेरांत माती, मनगटाला गवताचे चरे, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. दिवाळीच्या आधी सोयाबीनची सोंगणी, तेव्हा शेंगांची टोकं तळहातात घुसतात. मग कापसाची वेचणी, वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्या नखांच्या मुळाशी ओरखडत राहतात. आणि संक्रांतीनंतर तुमच्या या भागात हळद. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे, उमरखेड-महागावपासून हदगाव-कळमनुरीपर्यंत, हळदीचा काढा सुरू झाला की बायाच कंद वेचतात, माती झाडतात, बोटं मोडून वेगळी करतात. शिजवलेली हळद पंधरा-पंधरा दिवस उन्हात हलवायची, तेही बहुतेक बायांनीच. हात महिना-महिना पिवळे असतात. लग्नातल्या नवरीला दोन दिवसांची हळद, मजूर बाईला अख्ख्या हंगामाची!

‘निगा’ हा शब्द आपण कुणासाठी वापरतो? गाईची निगा, पिकाची निगा, म्हाताऱ्या सासऱ्याची निगा. स्वतःच्या अंगाची निगा म्हटलं की बाईला लाज वाटते, जणू काही नखरा. पुरुषाच्या पायाला भेग पडली तर घरात तेल गरम होतं. बाईच्या भेगेत रक्त दिसेपर्यंत तिचं तिलाही कळत नाही. म्हणून हा विषय पोटगीच्या आणि सातबाऱ्याच्या पंगतीला बसवला आहे, आणि तो तिथेच शोभतो असं माझं मत आहे.

आता कामाचं बोलू. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला लिहायला लावा.

चिखल्यांपासून सुरुवात करते, कारण आता त्याच चालू आहेत. ओल्या मातीत दिवसभर पाय राहिले की बोटांच्या मधली कातडी पांढरी पडते, फुगते, सोलते आणि तिथे बुरशी धरते. पहिलं औषध फुकट आहे : घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवायचे आणि बोटांच्या मध्ये कोरडं फडकं घालून पुसायचं. ‘पुसायला वेळ कुठे आहे?’ असं तुम्ही म्हणाल. चूल पेटवण्याआधी दोन मिनिटं मागा, तेवढ्याने स्वयंपाक उशिरा होत नाही. मग रात्री मेंदीचा ताजा पाला वाटून बेचक्यांत भरायचा. तीन-चार रात्री. मेंदीत रंग देणारं जे द्रव्य आहे ते बुरशीला मारक आहे, हे आता प्रयोगशाळेतही पाहिलं गेलं आहे. आपल्या आज्या ते न पाहताच वापरत होत्या. फक्त कुंपणाची मेंदी घ्या. बाजारातली ‘काळी मेंदी’ घेऊ नका. तिचा काळेपणा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो आणि त्याने फोड येतात.

पावसाळ्यात गावाच्या कडेला, उकिरड्यावर, शेताच्या धुऱ्यावर तरोटा माजतो. कोकणात त्याला टाकळा म्हणतात आणि कोवळ्या पाल्याची भाजी करतात, आपल्याकडेही करतात. गजकर्णावर, नायट्यावर त्याचा पाला वाटून लावण्याची रीत जुनी आहे आणि तिला आधार आहे. पण नायटा एकीचा नसतो, घराचा असतो. एकच टॉवेल, एकच पांघरूण. बाई पाला लावत राहते आणि नवऱ्याच्या टॉवेलातून तो परत येतो. कपडे उकळत्या पाण्यात घाला, उन्हात उलटे करून वाळवा. खरजेचंही तसंच. करंजाचं तेल खरजेवर पूर्वापार लावतात, त्याने खाज उतरते. पण घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार केला नाही तर खरूज घरभर फिरतच राहील. त्यासाठीचं लावायचं औषध सरकारी दवाखान्यात मागा, तो तुमचा हक्क आहे.

कोरफड तर प्रत्येकीच्या दाराशी असते, डब्यात, फुटक्या घमेल्यात. उन्हाने भाजलेल्या मानेला, चुलीच्या वाफेने पोळलेल्या हाताला तिच्यासारखं थंड दुसरं काही नाही. पान कापलं की आधी पिवळा चिकट रस गळतो. तो गळून जाऊ द्या, पान उभं करून ठेवा, मग धुऊन मधला काचेसारखा गर काढा. तो पिवळा रस अंगाला लागला की खाजतो. ‘मला कोरफड सोसत नाही’ म्हणणाऱ्या कित्येकींचं भांडण त्या पिवळ्या रसाशी असतं, कोरफडीशी नाही.

आणि भेगा. टाचांच्या, तळहातांच्या. कोकणातल्या बायका आमसुलाच्या बियांपासून तेल काढून त्याचे मुठीएवढे गोळे करून ठेवतात, त्याला मुठेल म्हणतात. टाचेवर तो गोळा गरम करून घासतात. आपल्याकडे रातांबा नाही, पण मोह आहे. मोहाच्या बियांचं तेलही तसंच थिजतं, आणि आंध, कोलाम वस्त्यांवरच्या बाया ते भेगांना लावतात. तेही नसेल तर तिळाचं किंवा खोबरेल घ्या. पाव किलो तेल, दोन मुठी कडुनिंबाचा पाला. पाला धुऊन सावलीत चांगला सुकवायचा. ओला घातलात तर मलमाला बुरशी येईल. मंद आचेवर पाला कुरकुरीत होईपर्यंत तेलात ठेवायचा, जाळायचा नाही. गाळून घ्यायचं, त्यात एक चमचा घरची हळद आणि पन्नास ग्रॅम मेण. मधाच्या पोळ्याचं मेण, मेणबत्तीचं नव्हे. मेण विरघळलं की उतरवून डब्यांत ओतायचं. थिजलं की मलम झालं. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून मगच लावायचं, कारण मलम कातडीतला ओलावा धरून ठेवतं. कोरड्या भेगेवर नुसतं थापलं तर थोडंच काम होतं.

कोणतीही नवी वनस्पती आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी लावा आणि एक दिवस थांबा. ‘झाडपाला आहे, त्याने काय होतं’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. विषसुद्धा झाडातच असतं. बिब्बा पाहा. इथल्या जंगलातलाच आहे. भेगेत बिब्ब्याचं तेल भरायची जुनी चाल आहे, आणि बिब्बा उतलेल्या बायकांची तोंडं, हात, मांड्या मी पाहिल्या आहेत. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बाया आहेत, त्यांच्या बोटांची कातडी जळून काळी झालेली असते. ती गोडंबी बाळंतिणीच्या लाडवांत पडते, सुक्या मेव्याच्या दुकानात महाग विकली जाते, आणि फोडणारीला हातमोजासुद्धा मिळत नाही. लिंबाचंही असंच. लिंबू चोळून उन्हात गेलात तर डाग पडतात, फोडही येतात. शहरातल्या पुरवण्या काय छापतात ते छापोत, ज्या बाईला उन्हात जायचं आहे तिने लिंबू ताटात पिळावं.

आणि गाजरगवत. निंदताना तुम्ही ते उपटता आणि रात्रभर खाजवता. पुण्याच्या आसपास १९५०च्या दशकात ते प्रथम लक्षात आलं, आणि आता देशात त्याच्याशिवाय धुरा नाही. काहींना त्याची अशी ॲलर्जी बसते की पापण्या, मान, कोपरं जाड आणि काळी होतात, आणि पुढे नुसत्या वाऱ्याने आलेल्या परागकणांनीही त्रास होतो. यावर परसात औषध शोधू नका. कोरफडीने घटकाभर थंड वाटेल, एवढंच. खरं काम म्हणजे फुलावर येण्याआधी ते काढणं, आणि काढताना हातात मोजे, अंगात पूर्ण बाहीचा सदरा. हे मोजे कुणी द्यायचे? ज्याचं वावर त्याने. मजुरीचं बोलणं करताना मोज्यांचंही बोला. पाच-दहा जणी मिळून बोललात तर मालक नाही म्हणत नाही, एकटीला हसतो.

इथे थोडं थांबते, कारण आपण यवतमाळ जिल्ह्यात बसलो आहोत. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं विषबाधेने गेली, शेकडो दवाखान्यात पडली. फवारणारे बहुतेक पुरुष होते, म्हणून बातम्यांत पुरुष आले. पण पंपासाठी पाणी वाहणारी, कधी औषध कालवणारी आणि संध्याकाळी फवारणीचे कपडे हाताने धुणारी बाई त्या बातम्यांत नव्हती. कीटकनाशक कातडीतून आत जातं. अंगावर सांडलं तर हळद नाही, तेल नाही, कुठलाही लेप नाही. तेलाने तर ते आणखी आत शिरतं. लगेच कपडे उतरवून साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचं. चक्कर, मळमळ, धूसर दिसणं सुरू झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, धुताना हातात मोजे हवेत, आणि ज्याने ते घातले होते त्यानेच धुतले तर आणखी उत्तम.

आणखी दोन गोष्टी दवाखान्याच्या. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे टोचलेलं कळत नाही, तर लेप लावत वर्ष घालवू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि वेळेत घेतलं तर बाई पूर्ण बरी होते. लपवला तर मात्र बोटं जातात. दुसरी, जिला साखरेचा आजार आहे तिने पायाच्या जखमेवर घरगुती प्रयोग करू नयेत.

आता गोरेपणाबद्दल, फार वेळ घेणार नाही. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, आणि त्याच वर्षी आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. काळी मुलगी, न जमणारं लग्न, न मिळणारी नोकरी आणि मग क्रीम, असल्या तिच्या जाहिराती. जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, सरकारपर्यंत गेल्या, आणि २००३ साली त्यातल्या काही बंद झाल्या. क्रीमच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. नाव गेलं, पण मुलगी पाहायला आलेल्या माणसांची नजर गेली का? रंगावरून हुंडा अजून वाढतोच. आता तर आठवडी बाजारात बिननावाच्या डब्या येतात. काहींत स्टेरॉइड असतं. चेहरा आठ दिवस उजळतो, मग लाल होतो, केस येतात, नायटा असेल तर तो भडकतो. २०१८मध्ये सरकारने अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. काहींत पारा असतो. आपल्या विदर्भातल्याच एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३च्या सुरुवातीला आली होती. हळदीनेही कुणी गोरं होत नाही. कातडीत जे रंगद्रव्य आहे ते उन्हापासून आपलं रक्षण करतं. मे महिन्यात वावरात उभं राहणाऱ्या बाईला तो रंग म्हणजे जन्मतः मिळालेली छत्री आहे. तुमच्या गटाने दिवाळीला उटणं विकायला काढलं तर त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो काढा, आणि पुडीवर ‘गोरेपणासाठी’ हा शब्द छापू नका. तो छापलात तर मी तुमचं उटणं घेणार नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मला गेल्या वर्षीपासून छळते आहे. नदीकाठच्या एका गावात आम्ही मलम करायला बसलो होतो. पंधराएक जणी. हळदीचा डबा फिरत होता. एक बाई हात मागे घेऊन बसली. पस्तिशीची असेल. नवऱ्याने कर्जापायी औषध घेतलं त्याला तीन वर्षं झाली होती. मी डबा पुढे केला तर म्हणाली, ‘मले नको जी. मले कायची हळद?’ मी तिचे हात पाहिले. बोटं पिवळी होती. त्याच सकाळी ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीने हळद वेचून आली होती.

म्हणजे हळद खणायला ती चालते, मोडायला, वाळवायला, पोत्यात भरायला चालते. स्वतःच्या तळहाताच्या भेगेत चमचाभर भरायला चालत नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत हे आपल्याला माहीत आहे, आणि आपल्यातल्या किती जणी गटाच्या नावाखालीही तसलंच हळदीकुंकू करतात हेही माहीत आहे. पण ती बंदी जखमेपर्यंत गेली आहे, हे मला त्या दिवशी समोर दिसलं. ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झालं, तिथे अशा बायका किती असतील! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. तुमच्या ग्रामपंचायतीत ते परिपत्रक आहे का, विचारा. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा. त्या गावात पुढे काय झालं म्हणाल, तर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या जाऊने तिचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मलम भरलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

वहीचा आग्रह मी सुरुवातीला केला, त्याचं कारणही हळदच आहे. मार्च १९९५मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं : जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. म्हणजे आपल्या आजीने जे केलं त्याची मालकी! (पेटंटवरची दोन्ही नावं मूळच्या भारतीयांची होती, तेव्हा फक्त गोऱ्यांना शिव्या देऊन चालणार नाही.) आपल्याकडच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, १९९६मध्ये त्याला आव्हान दिलं आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. पुरावे काय दिले? जुने ग्रंथ, छापील लेख. त्यात १९५३ सालचा, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेख होता. ‘माझी आजी लावायची’ हा पुरावा तिथे धरला जात नाही, कागद लागतो. बायकांचं ज्ञान तोंडी राहिलं म्हणून ते कुणाच्याही खिशात जाऊ शकतं.

हे ओळखून काम केलेल्या बायका आहेत. ‘शोधिनी’ नावाच्या गटातल्या कार्यकर्त्यांनी वेगवेगळ्या राज्यांतल्या खेड्यांत बायकांकडून झाडपाल्याची औषधं गोळा केली, तपासली आणि त्यांचं इंग्रजी पुस्तक १९९७मध्ये दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’ने काढलं. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांनी तिथल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं आणि झाडांबद्दलचं त्यांचं ज्ञान ‘गोईण’ या मराठी पुस्तकात नोंदवलं. उमरखेड-महागावची अशी वही कुठे आहे? तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना जे माहीत आहे, आंध आणि कोलाम बायांना पैनगंगेच्या जंगलातलं जे माहीत आहे, ते कोण लिहिणार? वहीत सहा गोष्टी असू द्या. वनस्पतीचं इथलं नाव, कुठला भाग, कशासाठी, किती आणि कसं, कुणाला सोसलं नाही, आणि सांगणारीचं नाव, तिची परवानगी असेल तर. पाचवी गोष्ट विसरू नका. गुण सगळेच सांगतात, कुणाला त्रास झाला ते फारसं कुणी सांगत नाही.

हळद मात्र घरची घ्या, किंवा ओळखीच्या शेतकरणीची. बाजारच्या पुडीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिसं असलेला पिवळा रंग मिसळलेला असू शकतो, आणि तो भेगेत भरायचा नाही, पोटात तर नाहीच. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर शंका घ्या. तुमच्या भागात एवढी हळद पिकते आणि दुकानातून पुडी आणायची, हे तसंही बरं दिसत नाही.

प्रश्न नंतर घेऊ. मागच्या ओसरीवर चूल पेटलेली आहे, तेल तापायला ठेवलं आहे, पाला सकाळीच सुकवून ठेवला आहे. मेण मी पुसदहून आणलंय, दोन किलो. पाच-पाच जणींचे गट करा, डब्या स्वतःच्या आणल्या असतील त्यांनी पुढे या. आणि पहिला हात ज्या बाईला आजवर कुणी हळद लावली नाही तिचा.